फुटेजमध्ये मी तिच्या हाताकडेच बघतोय

ताई, सप्रेम नमस्कार.

मी जळगावात सराफ बाजारातल्या एका दुकानात आठ वर्षांपासून काउंटरवर आहे. वय ३१. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्यासमोर एक कुटुंब बसलेलं, तीन बाया आणि एक माणूस. छत्तीस अंगठ्यांचा ट्रे काढून दाखवत होतो. रात्री ट्रे काट्यावर ठेवला तर वजन जुळेना. एका खाचेत नकली अंगठी निघाली. शेठनी मला शेजारी बसवून फुटेज दाखवलं. त्यातली एक बाई अंगठी काढते, तिच्या जागी नकली ठेवते, आणि मी तिच्या हाताकडेच बघतोय. देवाशपथ सांगतो, मला दिसलं नाही. शेठ मला चोर म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझ्या डोळ्यांदेखत गेली." तेव्हापासून मला आत हिशेबाला बसवलंय. शेजारच्या काउंटरवर एक ताई आहेत, त्या चार-चार गिऱ्हाईकं सांभाळतात, आजवर त्यांच्याकडून काडी इकडची तिकडे झालेली नाही. घरी मोठा भाऊ म्हणतो, तुझं ध्यान मोबाईलमध्ये असतं. आमचे फोन तर सकाळीच जमा होतात. बाळ सात महिन्यांचं आहे, रात्रीची झोप होत नाही, तेवढं खरं. माझे डोळे खराब झालेत का? की मी जन्माचाच असा? एका मित्राने लक्ष वाढवायचं ॲप सांगितलंय, वर्षाचे पैसे भरू का? आणि शेठनी परत बोलावलं तर काउंटरवर बसू का?

– एक वाचक, जळगाव

भाऊ,

आधी तुमच्या छातीवरचा दगड उतरवते. नजर त्या हातावर होती आणि तरी दिसलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुमचं मन राखायला मी हे म्हणत नाही. माझं अर्धं आयुष्य मानसशास्त्र शिकवण्यात गेलं. या एका विषयावर मी दर वर्षी वर्गात जास्तीचे दोन तास घ्यायची, कारण याच्यावरून घरात आणि कामावर बिनकसुरीची माणसं बोलणी खातात.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांतली मुलं आपापल्या गटात चेंडू फेकत आहेत, अशी छोटी चित्रफीत. बघणाऱ्याने एका गटाने किती वेळा चेंडू दिला ते मोजायचं. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेलं एक माणूस त्या मुलांमधून चालत जातं. नंतर विचारलं, काही वेगळं दिसलं का? जवळपास निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नव्हता. ही चित्रफीत तुम्ही कुठे पाहिलीही असेल. तिच्या पुढची गोष्ट मात्र कमी लोकांना ठाऊक आहे, आणि तुमच्या उपयोगाची तीच आहे. २००६ मध्ये जर्मनीतल्या डॅनियल मेमर्ट यांनी नजर नेमकी कुठे पडते ते टिपणारं यंत्र लावून हाच प्रयोग केला. ज्यांना गोरिला दिसला नाही, त्यांचीही नजर त्याच्यावर साधारण एक सेकंदभर पडलेली होती. दिसलेल्यांची जितका वेळ पडली, तितकाच वेळ.

म्हणजे तुमच्या फुटेजमध्ये जे आहे, तेच.

यावर कुणी म्हणेल, ती साधी माणसं, सराव नसलेली. तर २०१३ चा प्रयोग ऐका. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणं हेच ज्यांचं रोजचं काम, अशा २४ रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना स्कॅन तपासायला दिले. शेवटच्या स्कॅनमध्ये ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी गोरिलाचं चित्र मिसळलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० डॉक्टरांना ते दिसलं नाही. आणि न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट त्या जागेवरून गेली होती. ते बारीक गाठी शोधत होते आणि त्यांच्या डोळ्यांना काम तेवढंच दिलेलं होतं. तुमच्या डोळ्यांना त्या दुपारी काय काम होतं? कुणाच्या बोटाला कुठली अंगठी बसते, घडणावळ किती सांगायची, त्या माणसाला पाणी मिळालं का, मागे उभं असलेलं गिऱ्हाईक निघून तर जात नाही ना. तुम्ही विकत होतात. राखणीचं काम त्याच डोळ्यांवर, त्याच वेळी टाकलेलं होतं.

शेठवर रागावू नका. त्यांनी फुटेज पाहिलं ते रात्री, रिकाम्या दुकानात, कुठे बघायचं ते ठाऊक असताना, मागेपुढे करून. तसं पाहिलं की कुणालाही वाटतं, हे तर आंधळ्यालाही दिसेल. अमेरिकेत याच सायमन्स आणि शॅब्रिस यांनी २०११ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. समोर अनपेक्षित काही घडलं की माणसाला ते दिसतंच, असं तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांना वाटत होतं. आपल्या नजरेबद्दल हा गैरसमज सगळ्यांनाच असतो, शेठनाही आणि तुमच्या भावालाही.

एक काम करा. शेठची परवानगी घेऊन ते फुटेज पुन्हा एकदा बघा, पण या वेळी त्या बाईचा हात सोडून द्या. उरलेले तिघं त्या दोन-तीन सेकंदांत काय करत होते ते बघा. मला जवळजवळ खात्री आहे की त्याच क्षणी कुणी तरी तुम्हाला काही विचारलं असेल, वरच्या कप्प्यातलं काही दाखवायला सांगितलं असेल, किंवा दुसरी अंगठी तुमच्या नाकासमोर धरली असेल. अशा टोळ्या हात मारण्याआधी लक्ष पळवतात. तो क्षण सापडला तर तो शेठना दाखवा. बाजारातल्या बाकीच्या दुकानांनाही त्याचा उपयोग आहे.

आता तुमचा जड प्रश्न. मी जन्माचाच असा का?

हा प्रश्न मला जवळचा आहे. अमळनेरकडच्या आमच्या गावात मावशीचं लग्न होतं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ओट्यावर बायकांची रांग, प्रत्येकीपुढे सूप, तुरीची डाळ निवडायचं काम. माझी थोरली बहीण सूप हलवता हलवता गप्पा मारायची आणि खडा बरोब्बर उचलायची. मी श्वास रोखून, नाक सुपाला लावून बघायची, आणि तरी जेवताना मामांच्या दाताखाली आलेला खडा माझ्याच वाट्याच्या डाळीतला निघाला. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "तुनं ध्यान कोठे शे?" ध्यान तर सगळं सुपातच होतं. ते वाक्य मी कितीतरी वर्षं उराशी घेऊन हिंडले. म्हणून तुमचं पत्र वाचताना हात थांबला.

माणसामाणसांत फरक असतो, हे खरं आहे. एका नजरेत किती वस्तू धरून ठेवता येतात, हे मोजायची साधी रीत आहे. पडद्यावर रंगीत चौकोन क्षणभर दाखवायचे, घालवायचे, पुन्हा दाखवायचे आणि विचारायचं, काही बदललं का? १९९७ मध्ये स्टीव्हन लक आणि एडवर्ड वोगेल यांनी असं मोजलं तेव्हा सरासरी चार वस्तूंच्या आसपास आली. कुणाचं घोडं दोनावरच अडतं, कुणी पाचपर्यंत जातं. भल्याभल्यांची धाव एवढीच. तुमच्यासमोर छत्तीस अंगठ्या आणि चार माणसांचे आठ हात होते.

पुढे २००५ मध्ये वोगेल आणि सहकाऱ्यांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं. लोकांना सांगितलं, लाल पट्ट्या लक्षात ठेवा, निळ्यांकडे दुर्लक्ष करा, आणि डोक्याला तारा लावून मेंदूतले विजेचे संकेत मोजले. ज्यांची धारणा, म्हणजे एका नजरेत वस्तू धरून ठेवायची ताकद, जास्त, त्यांच्या डोक्यात फक्त लाल पट्ट्या शिरत होत्या. ज्यांची कमी, त्यांच्या डोक्यात निळ्याही जाऊन बसत होत्या. कोठीत जागा लहान असण्यापेक्षा दारातच नको ते आत येत होतं. हे वाचलं तेव्हा मला माझं सूप आठवलं. मला खडाही दिसायचा, फुटकी डाळही, सालपटही, शेजारणीच्या हातातली बांगडीही. तुमचंही तसं असेल तर समोर पसारा जितका कमी, तितकी तुमची नजर चालेल.

पण यातून "मी कच्चा" असा निकाल लावू नका. चौकोन जास्त लक्षात राहणाऱ्याला गोरिला हमखास दिसतो का? काही प्रयोगांत हो आलं, काहींत नाही. संशोधकांचं त्यावर एकमत नाही. त्यामुळे एका अंगठीवरून तुमची नजर शेजारच्या ताईंपेक्षा कमी आहे, असं कुणी म्हणू शकत नाही, तुम्ही स्वतःसुद्धा नाही.

आणि त्या दुपारी तुमच्याविरुद्ध अजून एक गोष्ट होती. शेतातून आलेली, खड्यांनी भरलेली डाळ निवडताना सहसा कुणी चुकत नाही. चुकतं ते बाजारातल्या स्वच्छ, पाकीटबंद डाळीत. दहा पाकिटं निघतात निर्मळ, अकराव्यात खडा दाताखाली येतो. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मोजून दाखवलं. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असली की लोक ७ टक्के वेळा चुकतात. तीच वस्तू शंभरात एखाद्या चित्रात असली की ३० टक्के वेळा निसटते. दुर्मीळ गोष्ट "नाहीच" असं धरून चालायला नजर लवकर शिकते. तुम्ही आठ वर्षं प्रामाणिक गिऱ्हाईकांचे हात बघत आलात. अंगठी बदलणारा हात एकदाच आला.

विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांचीही हीच अडचण आहे. म्हणून तिथे यंत्रच मधूनमधून पडद्यावर बंदुकीचं किंवा सुरीचं खोटं चित्र टाकतं. तपासणाऱ्याची नजर जागी राहते आणि किती पकडलं त्याची नोंदही होते. तुमच्या दुकानात याला खर्च शून्य आहे. शेठनी किंवा व्यवस्थापकांनी कुणालाही न सांगता आठवड्यातून दोन-तीनदा एखाद्या ट्रेमध्ये नकली अंगठी ठेवायची. जो ओळखेल त्याला शाबासकी, जो चुकेल त्याला रागवायचं नाही. हे शेवटचं पाळलं नाही तर सगळं मुसळ केरात.

आता त्या ताईंबद्दल. मुलीच्या लग्नाच्या वेळी मी जळगावच्या एका दुकानात तीन दुपारी बसले होते. तिथे अशाच एक बाई होत्या, वयाने पन्नाशीच्या. समोर आम्ही पाच जणी आणि प्रत्येकीचं तोंड चालू. त्यांचा डावा तळवा कायम ट्रेच्या काठावर टेकलेला असायचा. एक अंगठी हातात दिली की ती खाचेत परत येईपर्यंत दुसरी मिळायची नाही, कितीही आग्रह करा. अंगठी देताना त्या पुटपुटायच्या, "अकरा." पुढच्या वेळी पुन्हा "अकरा." ट्रेमध्ये बाराच अंगठ्या असायच्या, बाकीच्या काढून मागे ठेवलेल्या. कुणी मध्येच दुसरं काही मागितलं तर आधी ट्रे झाकायच्या, मग वळायच्या. माझ्या नणंदेला ते लागलं, म्हणाली, आम्ही काय चोर आहोत का? त्या हसून म्हणाल्या, "नाही हो ताई, माझी सवय आहे." माझी खात्री आहे की त्यांना आपल्यापेक्षा फार जास्त दिसत नसावं. नजरेला पेलणार नाही एवढं त्या समोर घडूच देत नव्हत्या.

तुमच्या शेजारच्या ताईंकडे जा आणि एक दिवस नुसतं त्यांच्या हाताकडे बघा. त्यांना विचारलंत तर त्या म्हणतील, "मी काही विशेष करत नाही." इतक्या वर्षांची सवय सांगता येत नाही, बघावी लागते. हजारात एखाद्याला वेगळी देणगी असतेही. पण तुमच्या शेजारी बसलेल्या बाईच्या बाबतीत आधी सवय शोधा.

ॲपचे पैसे भरू नका. असे खेळ रोज खेळलं की त्या खेळात हात बसतो, गुण वाढतात. ते कौशल्य अंगठीच्या ट्रेपर्यंत पोचतं, याला भरवशाचा पुरावा नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत अशाच एका प्रसिद्ध ॲपच्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर भरावे लागले. वेगवान व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची नजर काही चाचण्यांत चांगली निघते, हे २००३ पासून लिहिलं जातंय, पण त्यावरही वाद चालू आहेत. उपयोग होतो तो त्याच कामाच्या अनुभवाचा. मेमर्ट यांच्या प्रयोगात मुरलेल्या बास्केटबॉल खेळाडूंना गोरिला नवख्यांपेक्षा जास्त वेळा दिसला, बहुधा चेंडू मोजणं त्यांना जड जात नसावं. वर्षाचे ते पैसे बाळाच्या नावाने ठेवा.

डोळ्यांचं म्हणाल तर एकदा तपासून घ्याच. अंगठीसाठी नाही, तसंही तिशीनंतर तपासावं म्हणून. नंबरासोबत बाजूची नजर तपासायला सांगा, आणि घरात कुणाला काचबिंदू किंवा साखर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. चालताना एकाच बाजूला वस्तू लागणं, संध्याकाळी जास्त अडखळणं, एकदम काही दिवसांत फरक पडणं, असं काही असेल तर उद्याच जा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, म्हणून मी घाबरवत नाही. निरोगी डोळ्यालाही बारीक स्पष्ट दिसतं ते किती, ठाऊक आहे? हात लांब करून अंगठा उभा धरा. त्या नखाएवढ्याच जागेत. बाकीचं आपल्याला दिसल्यासारखं वाटतं, कारण नजर सेकंदाला तीन-चारदा हलत राहते.

झोपेची गोष्ट मात्र तुम्ही एका ओळीत उरकलीत, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. रोज झोप मोडणाऱ्या माणसाचं लक्ष दिवसा मध्येच क्षणभर बंद पडतं, डोळे उघडे असताना, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. सात महिन्यांचं बाळ, वैशाखातलं जळगावचं ऊन, आखाजीची गर्दी आणि सकाळपासून एकाच खुर्चीत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये लोकांना दोन तास एका घड्याळाच्या काट्याकडे बघत बसवलं. काटा एखाद्या वेळी दुप्पट उडी मारायचा, ती पकडायची. अर्ध्या तासातच चुका वाढायला लागल्या. तेव्हापासून नजरेच्या कामात पाळी बदलायची पद्धत चांगली मानतात. गर्दीच्या दिवशी दर अर्ध्या-पाऊण तासाने काउंटर आणि बिलिंगची अदलाबदल करायला शेठ तयार होतील का, विचारा. आणि घरी, आठवड्यातून दोन रात्री तरी बाळाकडे तुमच्या आईने किंवा वहिनीने बघावं. तुमच्या बायकोलाही त्या रात्री झोप मिळाली पाहिजे. तीही दिवसभर चुलीपाशी आणि बाळापाशी याच अवस्थेत वावरत असेल, तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

भावाशी वाद घालू नका. त्याला गोरिलाची चित्रफीत दाखवा, आधी काही न सांगता, आणि चेंडू मोजायला लावा. गोरिला त्याला दिसला तरी हरकत नाही. तेव्हा आईला दाखवा, वहिनीला दाखवा. घरात कुणाला दिसेल, कुणाला नाही, आणि ज्याला दिसणार नाही त्याच्या प्रामाणिकपणाची शंका त्या क्षणी कुणाच्याही मनात येणार नाही.

काउंटरवर बसायचं का? बसा. शेठनी बोलावण्याची वाट बघू नका, तुम्हीच जा. माफी मागायला जाऊ नका, मागणी घेऊन जा. म्हणा, "शेठ, मला परत बसायचंय. माझ्यासमोर एका वेळी बाराच अंगठ्या असू द्या. एक परत आल्याशिवाय दुसरी देणार नाही, गिऱ्हाईक रुसलं तर तुम्ही मला सांभाळून घ्या. आणि अधूनमधून मला न सांगता नकली टाकून बघा." रुसलेल्या गिऱ्हाईकाबद्दलचं वाक्य गाळू नका. तिथे मालकाची साथ नसेल तर विकणारा घाईत दुसरी अंगठी काढतोच. त्यांनी साफ नाही म्हटलं, तर आठ वर्षांचा अनुभव घेऊन दुसऱ्या दुकानात विचारायला हरकत नाही, आणि तिथेही हीच अट आधी सांगा.

आषाढात बाजार थंड असतो, तेव्हाच सुरुवात करा. त्या ताईंच्या शेजारची जागा मागून घ्या आणि महिनाभर एकच ट्रे. पहिले काही दिवस तुम्ही "अकरा, अकरा" मोठ्याने म्हणाल, शेजारचे हसतील, म्हणू द्या. श्रावणात कानबाईच्या रोटांचा सण येईपर्यंत हाताला सवय लागेल. दुसरा ट्रे दसऱ्याच्या आधी घेऊ नका.

– तुमची ताई